पाणंद मंजूर झाली, पण उघडली कशी?



गेल्या महिन्याभरात दहा-बारा जणांनी फोन करून एकच विचारलं. तुमच्या पाणंदीला पैसे कुठल्या योजनेतून आले आणि भेटायचं कुणाला? योजनेचं नाव सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना, ११ नोव्हेंबर २०२१ चा शासन निर्णय. रोजगार हमीचा पैसा आणि राज्याचा पैसा एकत्र करून शेतरस्ता करायचा, अशी तिची मांडणी. त्याआधी २०१८ पासून पालकमंत्र्यांच्या नावानं अशीच एक योजना होती. पण फोनवर एवढंच सांगून ठेवून दिलं तर समोरचा फसतो, कारण या सगळ्यात पैसा मिळवणं हा भाग त्यातल्या त्यात सोपा होता. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आमचा भाग सोलापूर-धाराशिवच्या हद्दीवरचा. काळं रान, सोयाबीन, तूर, ज्वारी, जिथं पाणी आहे तिथं ऊस. आमच्याकडं पाणंद म्हणतात, विदर्भातले मित्र पांदण म्हणतात. वस्तू एकच. दोन्ही बाजूंच्या बांधांच्या मधून जाणारी, कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली, सगळ्यांची वाट. आमची पाणंद साधारण १,४०० मीटरची. गावातल्या मारुतीच्या पारापासून निघते, एकोणीस खातेदारांच्या रानांजवळून जाते आणि शेवटी गायरानाला भिडते. गायरानाच्या खालच्या अंगाला बहात्तरच्या दुष्काळातला पाझर तलाव आहे. म्हणजे वाट सरकारी, ती जाते तेही सरकारी जमिनीकडं, आणि तलावही सगळ्यांचा.

आता यातली खरी गंमत बघा. वाट बंद झाली की गायरान कुणाचं होतं? कागदावर सरकारचंच राहतं. पण प्रत्यक्षात ज्याचं रान गायरानाला लागून आहे, त्याचं होतं. बाकीच्यांची शेळ्या-मेंढरं तिथपर्यंत जात नाहीत, बाया चाऱ्याला जात नाहीत, मग दरवर्षी दोन तास नांगर पुढं सरकतो आणि बोलायला कुणी जागेवर नसतं. सार्वजनिक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात कडक निकाल दिलाय. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना सांगितलंय. निकाल चांगलाच आहे. पण गायरानापर्यंत पोचायला वाटच नसेल तर अतिक्रमण बघायला तरी कोण जाणार? आमच्या गावात भूमिहीन घरांकडं शेळ्या आहेत, रान नाही. पाणंद काट्यांनी बुजल्यावर पहिल्यांदा त्यांच्या शेळ्या कमी झाल्या. त्यांची तक्रार कुठं नोंदलीच गेली नाही, कारण त्यांचा सातबाराच नाही.

दुसरं उदाहरण गाळाचं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ ला आली, मध्ये थांबली, २०२३ ला पुन्हा सुरू झाली. त्यात अल्प आणि अत्यल्पभूधारकाला रानात गाळ पसरायला घनमीटरला ३५.७५ रुपये अनुदान आहे, एकरी १५,००० च्या मर्यादेत, अडीच एकरापर्यंत म्हणजे जास्तीत जास्त ३७,५००. एकरी साधारण ४०० घनमीटर गाळ धरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन घनमीटरच्या आसपास बसतो. म्हणजे एका एकराला सव्वाशे-दीडशे खेपा. आता सांगा, ज्याच्या रानाला वाटच नाही त्यानं हे अनुदान घ्यायचं कसं? आमच्या तलावातला गाळ २०२३ च्या उन्हाळ्यात निघाला तो सगळा पलीकडच्या डांबरी सडकेच्या बाजूला गेला. सडकेकडच्यांची रानं आधीच बरी, त्यांचीच आणखी बरी झाली. आमच्या बाजूच्या हलक्या माळरानांना, ज्यांना गाळाची खरी गरज होती, त्यांना ट्रॉलीभरसुद्धा मिळाला नाही. योजनेत खोट नव्हती. वाट नव्हती.

पिकाचंही तसंच. कृषी सहायक येऊन सांगतात की पीकपद्धत बदला, भाजीपाला करा, शेवगा करा, द्राक्ष करा. रान बघून बोलतात, वाट बघून बोलत नाहीत. ऑगस्टमध्ये ज्या रानातून क्रेट बाहेर निघत नाही, त्या रानात टोमॅटो कोण लावेल? पाणंदीच्या आतल्या अंगाची सगळी रानं वर्षानुवर्षं ज्वारी, तूर, हरभऱ्यात अडकली होती. ही पिकं वाईट नाहीत, पण लोकांनी ती आवडीनं निवडलेली नव्हती. वाळल्या दिवसांत एकदाच माल बाहेर काढता येतो म्हणून ती होती. ऊस लावला तर कारखान्याची टोळी म्हणणार, आधी वाट दाखवा. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, नेमका परतीचा पाऊस. हार्वेस्टरचा कटरबार चौदा फुटांचा असतो, आमची पाणंद काही ठिकाणी सहा फुटांवर आली होती. मग सोयाबीन मजुरांकडून उक्तं काढायचं, ढिगाला ताडपत्री झाकायची आणि वाट वाळायची वाट बघायची. शेवटच्या वस्तीवर एक काकू राहतात, दोन म्हशी आहेत. पावसाळ्यात दुधाची बरणी डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून यायच्या. डेअरीची वेळ चुकली की त्या दिवसाचं दूध घरात. ह्या काकूंना योजनेचं नाव विचारलं तर आजही सांगता येणार नाही, पण गावात सगळ्यात आधी 'रस्ता करा' असं ग्रामसभेत उभं राहून म्हणाल्या त्या त्याच.

तर ठराव २०२२ च्या ग्रामसभेत झाला, वर्षभरात मंजुरी आली. कामाच्या यादीत आमची पाणंद दिसली तेव्हा गावात पेढे वाटले गेले. मी तेव्हाच म्हणालो होतो की पेढे खडी पडल्यावर वाटा. कारण योजनेचा पैसा मातीकामाला, मुरुमाला, खडीला, मोरीला आहे. जमीन विकत घ्यायला किंवा कुणाला मोबदला द्यायला त्यात पैसा नाही. पाणंद जागेवर मोकळी आहे हे गृहीत धरून ती बनलेली आहे. आणि आमच्याकडं ती मोकळी होती का? अंदाजपत्रकाला आलेले साहेब चारशे मीटर चालले आणि उभ्या तुरीसमोर थांबले. पुढं पाणंद नव्हतीच. म्हणजे कागदावर होती.

इथून पुढचं काम कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नाही, आणि बहुतेक गावांत योजना अडते ती इथंच.

पहिल्यांदा आम्ही भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढली. ज्यांना नकाशा वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन समांतर तुटक रेषा दिसल्या तर तो गाडीमार्ग, एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस. हे आकडे विचित्र वाटतात, पण जुनी शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साडेसोळा म्हणजे बरोबर अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे चार आणे. आपला गुंठाही त्याच साखळीचा, ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आणि एक महत्त्वाचं. बांधाबांधानं रानात जायच्या ज्या खासगी वहिवाटी असतात त्या नकाशावर नसतात. त्यामुळं नकाशावर नाही म्हणजे हक्कच नाही असं समजू नका. त्याचा कायदा वेगळा आहे, खाली सांगतो.

आमची पाणंद नकाशावर दुहेरी तुटक रेषेत, स्पष्ट. मोजणी झाली तेव्हा निघालं की दोन्ही बाजूंनी मिळून अकरा जणांचे बांध आत आलेले. कुणाचा हातभर, कुणाचा सहा-सात फूट. एक वयस्कर शेतकरी आहेत, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांनी शंभर मीटरचा तुकडा पूर्णच नांगरून तूर पेरलेली. गावातल्या पोरांनी लगेच ठरवलं की पोलीस बंदोबस्त घ्यायचा आणि जेसीबी घालायचा. मी म्हटलं, थांबा. तूर जानेवारीत निघेल, तोवर बोलून बघू. उभ्या पिकात जेसीबी घातला की पाणंद एक दिवसात उघडेल आणि भांडण दोन पिढ्या चालेल.

बोलायला गेलो. आबा म्हणाले, "अरे मी पन्नास वर्षं नांगरतोय हे. तुझा बाप माझ्यासमोर औत घेऊन जायचा बांधावरनं, त्यानं कधी विचारलं नाही."

मी म्हटलं, "आबा, तेव्हा औत होतं. आता ट्रॉली आहे."

मग हिशोब मांडला. नकाशाप्रमाणं हटायचं म्हटलं तर बऱ्याच जणांच्या शंभर मीटर लांबीला सरासरी दीड मीटर जात होतं. म्हणजे दीडशे चौरस मीटर, दीड गुंठा. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर गुंठ्याला वीस किलो, दीड गुंठ्याला तीस. त्या वर्षीच्या ४,८९२ च्या हमीभावानं (तो मिळाला कुणाला हे सोडा) वर्षाला दीड हजाराच्या आत. म्हणजे माणूस वर्षाला एक पोतंही न भरणाऱ्या सोयाबीनसाठी स्वतःच्या आणि बाकीच्यांच्या सगळ्या रानाची वाट अडवून बसतो. हा हिशोब बहुतेकांना पटला. आबांना नाही पटला.

त्यांना का पटला नाही हे कळायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. त्यांची भीती गुंठ्याची नव्हतीच. पाणंद पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांच्या चाकांनी खचून दोन्ही रानांपेक्षा खोल गेलेली असते. वरच्या रानांचं सगळं पाणी तिच्यात उतरतं. आमच्या पाणंदीत वरच्या सातशे मीटरचं पाणी येऊन आबांच्या रानाशी वळण घेतं, आणि पूर्वी एका मोठ्या पावसात ते पाणी बांध फोडून त्यांच्या रानात घुसलं होतं. माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. तेव्हा त्यांनी पाणंदच भरून टाकली आणि वर पेरलं. त्यांच्या बाजूनं विचार केला तर त्यांनी अतिक्रमण केलं नव्हतं, पाणी थोपवलं होतं. त्या वेळी गावातल्या कुणी विचारलं नाही की आबा, तुमचं रान वाहून गेलं, काय करायचं.

मग बोलणं बदललं. "आबा, वळणावर मोरी बसली आणि पाणी पलीकडं ओढ्याला काढून दिलं, तर?" आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाईप केवढा टाकणार?" त्या दिवशी मला कळलं की पाणंद उघडली. अंदाजपत्रकात त्या वळणावर मोरीच नव्हती, ती घालून घ्यायला पुन्हा पाच-सहा खेटे पडले. पण तूर निघाली तशी फेब्रुवारीत आबांनी स्वतःचा ट्रॅक्टर घालून बांध मागं घेतला. बाकीच्या दहा जणांना मग कारण उरलं नाही.

सगळ्या गावांत आबा नसतात हे मला माहीत आहे. एका शेजारच्या गावात एकानं पाणंदीत तारेचं कुंपण घातलंय आणि तो बोलायलाच तयार नाही. अशा वेळी तहसीलदारांकडं जावंच लागतं, आणि कुठल्या कलमानं जायचं हे आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या अर्जात वर्षं जातात. पूर्वापार चालू असलेली वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. यात अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. लोक आधी भावकीत बोलत बसतात, मग सरपंच, मग आमदार, आणि सहा महिने संपतात. बोलणी करा, जरूर करा, पण अर्ज टाकून मग बोला. रानाला वाटच नसेल आणि ती नव्यानं मागायची असेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. त्यात तहसीलदार शेजाऱ्यांच्या बांधावरून वाट देऊ शकतात, दुसरी वाट उपलब्ध आहे का आणि शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान कसं होईल हे बघून. त्या निर्णयावर नाराज असणाऱ्याला वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. आणि पाणंद नकाशावरच असेल तर ती कुणाच्या बांधावरून 'मागायची' गरज नाही. तिथलं अतिक्रमण काढून मागायचं. तिन्हींत फरक आहे.

२२ मे २०२५ चा नवीन शासन निर्णय यासाठी वाचून ठेवा. शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद द्यावा, त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी आणि अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढावा असं त्यात आहे. यातली सातबाऱ्यावरची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. आज जे तोंडी ठरतं ते रान विकलं गेलं किंवा वाटणी झाली की पुसतं. नवीन मालक म्हणतो, मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता पैशाचं. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६० ला ४०. खडीचा रस्ता करायचा तर खर्च मुख्यतः मुरूम, खडी, वाहतूक आणि रोलरवर होतो, मजुरीवर कमी. म्हणजे निव्वळ रोजगार हमीत हे काम बसत नाही. म्हणूनच या योजनेत वरचा फरक राज्य भरतं. गावात फळबाग लागवड, रोपवाटिका अशी मजुरीची कामं चालू असतील तर हे प्रमाण सांभाळायला मदत होते. ज्या गावात मस्टरच निघत नाही, त्या गावाला साहित्याचा पैसा मागायला तोंड राहत नाही. हे आपल्या ग्रामपंचायतीला समजावून सांगा, ब-याच ठिकाणी ते ठाऊक नसतं.

पण मजूर आणायचे कुठून? एप्रिल २०२४ पासून रोहयोची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, त्याआधी २७३. आमच्याकडं गड्याची रोजंदारी त्याहून कितीतरी वर. २९७ रुपयांसाठी दिवसातून दोनदा ॲपवर हजेरीचा फोटो देऊन, पैसे खात्यावर कधी येतील याची वाट बघायला कोण तयार होणार? शेवटी पाणंदीवरच्या घरांनीच जॉबकार्ड काढली. काकू आल्या, त्यांची सून आली, भूमिहीन घरांतले शेळ्यावाले आले, मीही आलो. दोन्ही बाजूंचे चर खोदणं, काटेरी बाभळी तोडणं, दगड वेचणं हे हातानं झालं. कागदावर माणसं आणि प्रत्यक्षात जेसीबी, हा प्रकार किती ठिकाणी चालतो हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. नियमात मजुरांचं काम हिरावणारी यंत्रं आणि ठेकेदार दोन्ही बसत नाहीत. माझं मत विचाराल तर काळ्या रानातल्या रस्त्याची खोदाई आणि दबाई हातानं करायला लावणं हा हट्ट आहे आणि तो हट्टच लोकांना खोटं मस्टर लिहायला भाग पाडतो. चर, झाडं, बांधबंदिस्ती माणसांना द्या, दबाई रोलरला द्या आणि दोन्ही उघड लिहा.

रस्त्याच्या कामात कुठं लक्ष द्यायचं ते थोडं. शेतकऱ्यानं अभियंता व्हायची गरज नाही, पण काळी माती आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात तिच्यावर रोलर फिरवला तर रस्ता टेबलासारखा दिसतो, फोटो छान येतो, आणि जुलैत त्याच जागी ट्रॅक्टर रुततो. दोन्ही बाजूंचे चर खोदायचे आणि निघालेली माती मधोमध टाकून उंचवटा करायचा ही जुनी पद्धत मुरमाड भागात चालते. आमच्याकडं ती करायला निघाले होते, आम्ही अडवलं. चराची काळी माती ट्रॉलीनं उचलून माळरानात टाकली, ती तिथं उपयोगाला आली. रस्त्याच्या जागेची वरची फूटभर मऊ माती खरवडली, मग मुरमाचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि दबाई, मग दगडाचं सोलिंग आणि खडी. मधला भाग बाजूंपेक्षा उंच हवा म्हणजे पाणी चरात उतरतं. आणि चर कुठं संपतो ते बघा! चर खोदून ओढ्याला नेऊन सोडला नाही तर तो नुसता लांबलचक हौद होतो आणि मुरूम खालून भिजवत राहतो. प्रत्येक रानात शिरायच्या जागी लोक चर बुजवून ट्रॅक्टर घालतात, तिथं एकेक सिमेंट पाईप टाकायला लावा. आमच्याकडं एकोणीसपैकी बारा ठिकाणी पाईप पडले, ते खातेदारांनी स्वतःच्या खर्चानं आणले. उरलेल्या सात ठिकाणी आजही चर तुंबतो.

पैसे एकदम येत नाहीत. मजुरीचे तरी काही आठवड्यांत आले. साहित्याचा म्हणजे कुशलचा निधी रखडला आणि खडी टाकणारा माणूस अकराशे मीटरवर येऊन थांबला. त्याचाही दोष नाही, त्याचे पैसे अडकलेत. कार्यालयात विचारलं की निधी वरून आला नाही म्हणतात. हे गृहीत धरूनच कामाचा क्रम लावा. आम्ही सगळी लांबी आधी मुरमावर आणली, मोऱ्या पहिल्या बसवल्या, आणि खडी गावाकडून सुरू केली. उलट केलं असतं, म्हणजे थोड्या लांबीचा पूर्ण रस्ता करत पुढं गेलो असतो, तर निधी थांबल्यावर आतल्या आठ जणांना काहीच मिळालं नसतं. आज शेवटचे तीनशे मीटर नुसत्या मुरमावर आहेत, पण ट्रॅक्टर जातो.

या उन्हाळ्यात पहिल्यांदा तलावातला गाळ आमच्या बाजूला आला. नऊ जणांच्या रानात पडला. दोघांनी यंदा थोडीशी भाजी लावून बघितलीय, एकानं शेवगा. काकूंकडं तिसरी म्हैस आली आहे, आणि दुधाची गाडी आता वस्तीपर्यंत जाते. शेळ्यावाल्या घरांची जनावरं गायरानात परत दिसायला लागलीत. त्यावरून कुरबूरही सुरू झाली, कारण गायरानाला लागून असलेल्यांनी जिथं नांगर सरकवला होता तिथं आता शेळ्या चरतात.

रस्ता झाला की गायरानाकडं आणखी लोकांचं लक्ष जातं हेही खरं. सौर कृषी वाहिनी योजनेसाठी ठिकठिकाणी गायरान जमिनी दिल्या जातात. दिवसा वीज मिळणार असेल तर माझा विरोध नाही, पण आधी मोजणी होऊन चराईची किती, तलावाची किती, अतिक्रमणात किती हे ठरायला हवं. म्हणून येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडतोय. गायरानाची हद्द कायम करून खुणा बसवणे, पाणंदीची नोंद लागून असलेल्या एकोणीस खात्यांच्या इतर हक्कात घेण्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडं (म्हणजे आपले तलाठी, नाव बदललंय) प्रस्ताव देणे, आणि दरवर्षी मे महिन्यात चर साफ करायची जबाबदारी कुणाची ते लिहून ठेवणे. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वाद होणार, कारण चर साफ करायला कुठलंच अनुदान नाही. आबांनी त्यांच्या मोरीपुरतं आधीच सांगून टाकलंय की ती मीच साफ करणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

ठरावांचा मसुदा आणि कलम ५ च्या अर्जाचा नमुना माझ्याकडं टाइप केलेला आहे. कुणाला हवा असेल तर निरोप ठेवा, पाठवतो. मोजणीचा अर्ज मात्र आत्ताच करून ठेवा, रानं मोकळी व्हायच्या आधी नंबर लागला तर बरं.